दवंडी कोणाची ?

आमचें बालपण दर्यापूर तालुक्यांतील एका लहानशा गांवीं गेलें. खारपाणपट्ट्यांतलें तें गांव. विहिरीचें पाणी मचूळ, जमीन काळीभोर, आणि करमणुकीचीं साधनें जवळजवळ नाहींतच. त्यामुळें दिवेलागणीच्या सुमारास कोतवालाच्या डफड्याची थाप ऐकूं आली कीं, आम्ही पोरें पुढचें ताट सोडून ओट्यावर धांवत असूं. चावडीपुढें, पाराजवळ आणि वेशीपाशीं अशा ठराविक तीन जागीं तो उभा राही. प्रथम दवंडी कोणाची तें सांगे, आणि मग मजकूर सांगे. तहसील कचेरीची असो, ग्रामपंचायतीची असो, वा बैल चुकलेल्या एखाद्या कास्तकाराची असो, हा क्रम त्यानें मोडलेला आम्हांस आठवत नाहीं. एकदां एका फिरत्या भांडेवाल्यानें त्याच्या हातावर दोन रुपये ठेवून आपली मोड-बदल्याची बातमी गांवांत फिरविण्यास सांगितलें. तेव्हांहि त्यानें आरंभीं ‘मूर्तिजापूरच्या भांडेवाल्याची दवंडी हो’ असें म्हटलेंच. भांडेवाल्याच्या कल्हईविषयीं त्याचें स्वतःचें मत काय होतें हें कोणी त्याला विचारलें नाहीं, आणि त्यानेंहि तें सांगितलें नाहीं.

जाहिरातींविषयीं सुशिक्षित घरांतून हल्लीं जी कुरकुर ऐकूं येते ती बहुधा त्यांच्या संख्येविषयीं असते. मोबाईल उघडावा तों जाहिरात, गाणें लावावें तों जाहिरात, पाककृति वाचावी तर फोडणी आणि वरण ह्यांच्यामध्यें जाहिरात. ही कुरकुर खोटी नाहीं; पण ती नवीहि नाहीं. शंभर वर्षांमागच्या मराठी मासिकांच्या मलपृष्ठांवर ज्यांनीं नजर टाकली असेल त्यांस ठाऊक आहे कीं, जागा भरून टाकण्याच्या कामीं आमचे पणजोबाहि कांहीं कमी नव्हते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बदललें आहे तें दुसरेंच कांहीं, आणि तें समजून घेण्यास आमच्या कोतवालाची आठवण उपयोगी पडते. जाहिरात हा शब्दच मुळीं ‘जाहिर’ म्हणजे उघड, प्रकट ह्या अरबी शब्दापासून आलेला आहे. जी उघड नाहीं, जी आपलें कूळ लपविते, ती जाहिरात कशी म्हणावी, हा प्रश्न भाषेचा वाटेल. पण तो निव्वळ भाषेचा नाहीं, हें पुढें दिसून येईल.

इतिहासाच्या अभ्यासकांनीं जाहिरातींकडे फारसें लक्ष दिलेलें नाहीं. त्याचें एक कारण अगदींच क्षुल्लक आहे. जुन्या मासिकांचे अंक एकत्र बांधतांना मुखपृष्ठें व जाहिरातींचीं पानें काढून टाकण्याची चाल पुष्कळ ग्रंथालयांतून होती. एका नामांकित संग्रहालयांत आम्हीं एका मासिकाचे वीस खंड चाळले. विचार सगळे जागच्या जागीं होते, पण ते विचार छापण्याचा खर्च ज्यांनीं सोसला ते साबणवाले, घड्याळवाले आणि गोळ्यावाले मात्र कात्रीखालीं नाहींसे झालेले. निबंध तेवढा अमर आणि जाहिरात कचऱ्यांत, असा तो न्याय ! वृत्तपत्रांच्या फाईलींना हा न्याय लावतां येत नाहीं, कारण तेथें बातमी आणि जाहिरात एकाच कागदावर असतात. म्हणून जो पुरावा उरला आहे तो तेथें.

हिंदुस्थानांतील पहिलें छापील वृत्तपत्र म्हणून ज्याचा मान आहे, त्या हिकीच्या १७८० सालच्या कलकत्त्याच्या पत्राच्या नांवांतच ‘जनरल ॲडव्हर्टायझर’ हे शब्द होते. म्हणजे जाहिरात ही वृत्तपत्राच्या घरीं मागाहून आलेली पाहुणी नव्हे. ती पहिल्या दिवसापासून घरांतलीच आहे. मुंबईस ‘बॉम्बे कुरियर’नें १७९७ मध्यें गुजराती अक्षरांत जाहिरात छापली, ती बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ १८३२ मध्यें निघण्याच्या पस्तीस वर्षें आधीं. देशी लिपी छापखान्यांत शिरली ती ज्ञानाबरोबर आणि धर्माबरोबर, हें आपण नेहमीं ऐकतों. ती दुकानदारीबरोबरहि शिरली, हें सांगावयाचें राहून जातें.

आमच्या वऱ्हाडांत ही गोष्ट कापसाच्या गाड्यांवर बसून आली. १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ पर्यंत लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि साहेबाची नजर आमच्या काळ्या रानावर खिळली. १८६७ मध्यें आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोंचली. १८७० मध्यें खामगांवच्या बाजारापर्यंत खास फांटा आला, व त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. ह्याच धामधुमींत, १८६७ च्या सुमारास, अकोल्यास ‘वऱ्हाड समाचार’ पत्र निघालें. आगगाडी, कापूसबाजार, तारायंत्र व छापखाना हीं चार एकाच दशकांत एका प्रांतांत यावींत हा योगायोग नव्हे. ज्यास लिव्हरपूलचा भाव कळणें जरूर आहे त्यास वर्तमानपत्र हवें, आणि ज्याच्या हातांत सरकी-रुईचा पैसा आला त्यास कांहीं तरी विकण्यास माणसें हवींत.

आणखी एक गोष्ट त्याच १८६७ सालची आहे. त्या वर्षीं सरकारनें छापखान्यांचा व पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. त्या अन्वयें छापील पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचें नांव व छापण्याचें ठिकाण देणें भाग झालें. सरकारचा हेतु वाचकाचें कल्याण करण्याचा होता असें समजण्याइतके आम्ही भोळे नाहीं. सत्तावन सालाला अवघीं दहा वर्षें झालेलीं. कोण काय छापतो ह्यावर डोळा ठेवावा, वेळ आल्यास नेमका कोणास धरावें तें कळावें, एवढाच त्यांतला मतलब. परंतु चोरास धरण्यास लावलेला दिवा वाटसरूसहि उपयोगी पडतो. अंकाच्या शेवटल्या पानाच्या तळाशीं ती जी बारीक ओळ असे, हें पत्र अमक्यानें अमक्या छापखान्यांत छापून तमक्या घरीं प्रसिद्ध केलें, तिच्यामुळें वाचकाच्या हातांत एक पत्ता आला. हा कायदा दीडशें वर्षांहून अधिक काळ टिकला. २०२३ च्या नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली, तो मार्च २०२४ पासून लागू झाला.

त्या काळच्या जाहिराती प्रामाणिक होत्या काय ? मुळींच नव्हत्या. मुंबईचें डोंगऱ्यांचें बालामृत, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या, नाना तऱ्हेचीं धातुपौष्टिकें व केशवर्धक तेलें ह्यांनीं मराठी पत्रांचे रकाने वर्षानुवर्षें भरलेले आहेत. पुढल्या पानावर अंधश्रद्धेवर अग्रलेख आणि मागल्या पानावर वशीकरणाची आंगठी व्ही. पी. नें, असे अंकहि आम्हीं पाहिले आहेत. संपादकास त्यांत विसंगति दिसत नसे असें नाहीं. पण कागदवाल्याचें बिल विसंगतीनें भागत नाहीं. ह्या औषधीपुराणाचा अतिरेक एवढा झाला कीं, स्वतंत्र हिंदुस्थानास १९५४ मध्यें चमत्कारिक उपचारांच्या जाहिरातींविरुद्ध खास कायदा करावा लागला. उलट बाजूचा एक दाखलाहि सांगण्याजोगा आहे. १८९३ मध्यें मुंबईंत ‘अमृतांजन’ काढणारे काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलु ह्यांनीं त्याच मलमाच्या कमाईवर १९०८ मध्यें मुंबईंतूनच ‘आंध्रपत्रिका’ हें तेलुगु पत्र सुरू केलें. डोकेदुखीनें एका भाषेच्या पत्रसृष्टीस असा हातभार लावल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

असें असलें तरी ह्या जाहिरातींत एक गुण होता, आणि तो त्यांच्या कर्त्यांनीं बुद्ध्या आणलेला नव्हता. त्या जाहिराती म्हणून ओळखूं येत. भोंवतीं वेलबुट्टीची चौकट, एक हातभर मोठें अक्षर, शेवटीं पेढीचा पत्ता. शिवाय त्या सर्वांस सारख्याच दिसत. अकोल्याच्या वकिलास दिसलेली गोळ्यांची जाहिरात त्याच्या कारकुनासहि दिसे, आणि गांवच्या वैद्यासहि. त्या वैद्यानें ती वाचून चारचौघांत टर उडविली म्हणजे अर्धा बाजार तेथेंच उठे. खोटें उघड्यावर बोललेलें असलें कीं, तें खोडून काढण्यास दुसऱ्यास जागा मिळते.

येथें आम्हांस थोडें वऱ्हाडाबाहेर जाणें प्राप्त आहे, कारण आजच्या प्रकाराचा खरा पूर्वज सांगली-कुंडलच्या माळरानावर सांपडतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ मध्यें बेळगांवास लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाच्या फाळानें जमिनीस विष चढतें अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळें ते नांगर दोन वर्षें गिऱ्हाइकाची वाट पहात पडून राहिले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. १९१० मध्यें औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० मध्यें तेथून शंकरराव किर्लोस्करांनीं ‘किर्लोस्कर खबर’ काढली. ही खबर म्हणजे कारखान्याचें स्वतःचें पत्रक. नांगर, चरक, रहाट ह्यांची माहिती द्यावी, गिऱ्हाइकांशीं संबंध ठेवावा, एवढाच मूळ बेत. पण शंकरराव हाडाचे चित्रकार आणि हाडाचे संपादक. नुसत्या नांगराचें गुणगान कोण किती महिने वाचणार, हें त्यांनीं ओळखलें. हळुहळू पत्रकांत उद्योगाच्या गोष्टी आल्या, मग गोष्टी आल्या, मग समाजसुधारणा आली. ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ राहिलें. १९३० मध्यें ‘स्त्री’ आणि १९३४ मध्यें ‘मनोहर’ हीं भावंडें जन्मलीं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे निबंध ह्याच ‘किर्लोस्कर’मधून महाराष्ट्रास हादरे देत होते. आमच्या आजीच्या ट्रंकेंत ‘स्त्री’चे अंक रेशमी लुगड्यांच्या खालीं ठेवलेले असत, त्या मासिकाचें मूळ एका नांगराच्या जाहिरातींत आहे हें तिला कोणी सांगितलें असतें, तर तिनें सांगणाऱ्यास वेड्यांत काढलें असतें.

व्यापाऱ्यानें दुसऱ्याच्या पत्रांत जागा विकत घेण्याऐवजीं स्वतःचेंच पत्र काढावें, त्यांत वाचण्याजोगें कांहीं द्यावें, आणि त्या सोबतीनें आपला माल लोकांच्या ओळखीचा करावा, ही युक्ति हल्लीं परदेशांतून नव्यानें आल्यासारखी शिकविली जाते. आमच्या महाविद्यालयांत वाणिज्य शाखेच्या एका व्याख्यात्यांनीं तिच्यावर तासभर सुंदर भाषण केलें; त्यांत अमेरिकेचीं पांच-सहा उदाहरणें आलीं, किर्लोस्करवाडीचें एकहि आलें नाहीं. आमचें येथें एवढेंच म्हणणें आहे कीं, कारखान्याच्या ह्या पत्रानें आपलें नांव लपविलें नाहीं. अंक उघडण्यापूर्वींच वाचकास मालक कोण तें ठाऊक असे, कारण मालकाचें नांव हेंच मासिकाचें नांव होतें. त्यानंतर ज्याला पटेल त्यानें पटवून घ्यावें.

आकाशवाणी व दूरचित्रवाणी ह्यांचा काळ आम्ही थोडक्यांत आटोपतों, कारण तो आमच्या पिढीस तोंडपाठ आहे. विविधभारतीवर पैसे घेऊन जाहिराती देण्यास प्रारंभ झाला तो १ नोव्हेंबर १९६७ रोजीं, मुंबई, पुणें व नागपूर ह्या तीन केंद्रांवरून. म्हणजे वऱ्हाडच्या कानीं हें नवें संगीत अगदीं पहिल्या दिवसापासून पडलें. दूरदर्शनवर १९७६ च्या १ जानेवारीस जाहिरात आली. दोन्हीकडे गाण्यानंतर जाहिरात आणि जाहिरातीनंतर गाणें, अशी सरळ वाटणी होती. त्यांतील चाली आम्हीं गुणगुणत असूं, पण त्या चाली आहेत कोणाच्या ह्याविषयीं पांच वर्षांच्या पोरासहि भ्रम नव्हता. एस. टी. स्टँडच्या भिंतीवर रंगविलेला विडी-बंडल व बियाणांच्या पिशवीचें चित्र हेंहि त्याच प्रामाणिक जातीचें.

मग ही चौकट मोडली कोणीं ? नव्या यंत्रानें, असें म्हणण्याचा मोह होतो. आणि आमच्या वयाच्या माणसास तो फारच होतो. पुरावा मात्र तसें सांगत नाहीं. चौकट प्रथम मोडली ती छापील कागदावर, आणि तिच्या मोडतोडीचें एक ठळक उदाहरण आमच्याच वऱ्हाडांत घडलें आहे.

जनुकबदल केलेल्या कापसाच्या बियाण्यास हिंदुस्थानांत परवानगी मिळाली ती मार्च २००२ मध्यें. पुढें ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं एका मोठ्या इंग्रजी दैनिकाच्या नागपूर आवृत्तींत पानभर वृत्तांत आला. यवतमाळ जिल्ह्यांतील भांबराजा व अंतरगांव ह्या दोन गांवांत ह्या कापसानें सोनें पिकविलें, आणि तेथें एकाहि शेतकऱ्यानें आत्महत्या केलेली नाहीं, असा त्यांतला आशय. पत्रकारांची ती सफर बियाण्याच्या कंपनीनें घडवून आणली होती, अशी एक बारीक नोंद तळाशीं होती. तीन वर्षें गेलीं. २८ ऑगस्ट २०११ रोजीं तोच मजकूर त्याच दैनिकांत पुन्हां पानभर आला; ह्या वेळीं मात्र तो व्यापारी प्रसिद्धीच्या सदराखालीं होता. काल बातमी होती ती आज जाहिरात झाली, आणि मधल्या काळांत शब्द बदलले नव्हते ! मार्च २०१२ मध्यें संसदेच्या शेतीविषयक स्थायी समितीचे सदस्य भांबराजास आले, तेव्हां जमलेल्या गांवकऱ्यांनीं आपल्या गांवांत चौदा आत्महत्या झाल्याचें त्यांस सांगितलें. हा सारा प्रकार पी. साईनाथ ह्यांनीं त्याच वर्षीं मे महिन्यांत ‘हिंदु’मध्यें उजेडांत आणला. २००८ च्या मजकुरासाठीं आपण पैसे दिले नव्हते असें कंपनीचें म्हणणें पडलें, आणि तें खरें मानण्यास आमची हरकत नाहीं; किंबहुना तें खरें असल्यास प्रश्न अधिकच अवघड होतो. कारण मग पैसे न घेतां लिहिलेलें आणि पैसे घेऊन छापलेलें ह्यांत वाचकास दिसेल असा एकहि फरक उरला नव्हता.

दरम्यान २००९ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकींत उमेदवारांच्या स्तुतीचे तेच ते लेख निरनिराळ्या वृत्तपत्रांत, तेच शब्द व निरनिराळीं नांवें घेऊन, बातमी म्हणून झळकले होते. प्रेस कौन्सिलच्या दोघां सदस्यांच्या समितीनें २०१० मध्यें त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. कौन्सिलनें तो प्रथम कातरून प्रसिद्ध केला, आणि माहिती आयोगाच्या हुकुमानंतर २०११ मध्यें सगळा बाहेर आला. तेव्हां नव्या माध्यमास दोष देण्यापूर्वीं जुन्यानें आरशांत पहावें, हें बरें.

ही पार्श्वभूमि मनांत ठेवून इंटरनेटकडे वळूं. संगणकाच्या पडद्यावर रंगीत पट्टीची जाहिरात ऑक्टोबर १९९४ मध्यें अमेरिकेंत प्रथम दिसली. आमच्याकडे सामान्य नागरिकास इंटरनेट मिळालें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. पुढल्याच वर्षीं ‘मायबोली’ हें मराठी संकेतस्थळ सुरू झालें. १९९९ मध्यें ‘ब्लॉगर’ निघालें, आणि कोणासहि, छापखान्याविना, कागदाविना, संपादकाची मनधरणी केल्याविना, आपलें पान काढतां येऊं लागलें. ह्या घटनेचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. अमरावतीच्या एखाद्या गृहिणीनें आपले वऱ्हाडी पदार्थ लिहावेत आणि ते न्यूजर्सीतल्या मराठी घरांत वाचले जावेत, हें ‘विविधज्ञानविस्तार’च्या संपादकांस स्वप्नांतहि सुचलें नसतें.

परंतु पान काढलें कीं त्याचें पोट कसें भरावें हा हिकीच्या वेळचा प्रश्न आलाच. गूगलनें २००० मध्यें शोधाच्या शब्दांलगत जाहिराती विकण्यास आरंभ केला, आणि २००३ मध्यें ती सोय इतरांच्या पानांवरहि नेली. लिहिणाऱ्यानें जाहिरातदाराचें तोंडहि पहावयास नको. मधला अडत्या कोणती जाहिरात कोठें लावावयाची तें ठरविणार, आणि वाचकानें तिच्यावर बोट ठेवलें कीं दोघांस वांटणी मिळणार. आमच्या कापूसबाजारांत अडत्याची सत्ता काय असते हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस पुढचें सांगावयास नको. ह्या अडत्याजवळ एक विद्या मात्र अधिक होती. गिऱ्हाईक काय शोधतें, कोठें राहतें, काय पहात किती वेळ थांबतें, हें त्यास कळूं लागलें. म्हणून एकाच घरांत, एकाच पलंगावर बसलेल्या नवरा-बायकोस दोन निराळ्या जाहिराती दिसूं लागल्या. अकोल्याचा वकील आणि गांवचा वैद्य ह्यांनीं एकच जाहिरात वाचण्याचे दिवस संपले. कानांत सांगितलेल्या दवंडीस खोडून कोण काढणार ?

सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झालें, आणि जें शहरांत दहा-पंधरा वर्षें मुरत होतें तें खेड्यांत दोन वर्षांत पोंचलें. ह्याचे दोन परिणाम वऱ्हाडांत डोळ्यांस दिसतात. पहिला स्थानिक वृत्तपत्रांवरचा. ब्रिजलाल बियाणींचें ‘मातृभूमि’, अकोल्याची ‘देशोन्नती’, यवतमाळास बापूजी अण्यांनीं साप्ताहिक म्हणून सुरू केलेलें व १९७१ पासून नागपुरास दैनिक झालेलें ‘लोकमत’, अशी ह्या भागाची पत्रपरंपरा मोठी आहे. तिच्यांतल्या लहान पत्रांचा संसार छोट्या जाहिरातींवर चाले : जागा भाड्यानें देणें आहे, वर पाहिजे, म्हैस विकणें आहे. ह्या सगळ्या ओळी आज मोबाईलवर गेल्या, बहुतेक फुकट गेल्या, आणि मागें राहिल्या सरकारी निविदा व श्रद्धांजल्या. दुसरा परिणाम उलट्या दिशेचा, आणि तो न सांगणें अन्यायाचें होईल. ज्यास वृत्तपत्रांतली चौकोनी जागा आयुष्यांत परवडली नसती असा दुकानदार आज आपला माल स्वतः दाखवूं शकतो. अमरावतीच्या कापडबाजारांतला व्यापारी मोबाईलपुढें साडी उलगडतो आणि वाशीमची बाई घरबसल्या पदर पाहते. बचत गटांतल्या बायका मुगवड्यांचें छायाचित्र टाकतात आणि दिवाळीच्या आंत माल संपतो. ह्यांतहि विकणारा व बोलणारा एकच आहे. आमच्या कोतवालानें ह्यास खुशाल मान्यता दिली असती.

अडचण येते ती तिसऱ्याच जागीं. गेल्या मृगाच्या आधीं आमचे एक चुलतभाऊ गांवाहून आले. बारा एकरांचे कास्तकार, व्यवहारास चोख; कृषि केंद्रवाल्यानें सांगितलेल्या औषधाची दुसऱ्या दोन दुकानांत चौकशी केल्याविना पैसे न देणारे. ह्या गृहस्थांनीं पऱ्हाटीसाठीं कसलेंसें वाढीचें टॉनिक दुकानांत पाऊलहि न टाकतां मागविलें होतें. आम्हीं कारण विचारलें. ते म्हणाले, “म्या मोबाईलवर पाह्यलं ना भाऊ. थो पोट्टा सोताच्या वावरात उभा राहून सांगत होता. थो काही कंपनीचा माणूस नाही, आपल्यासारखाच कास्तकार हाय.” टॉनिकानें पीक बुडालें नाहीं, पीक वाढलेंहि नाहीं. साडेनऊ हजार रुपये गेले, आणि साडेनऊ हजारांहून महत्त्वाची एक गोष्ट गेली. कंपनीचा माणूस म्हटला कीं भाऊ सावध होत. शेजारचा कास्तकार म्हटला कीं विश्वास ठेवीत. चाळीस वर्षें त्यांची शेती ह्या एका भेदावर चालली होती. त्या पोराला पैसे मिळाले होते कीं नाहीं, हें आजहि त्यांस ठाऊक नाहीं, आणि आम्हांसहि नाहीं. यंदा ते कोणाचेंच ऐकेनासे झाले आहेत, सख्ख्या मेहुण्यानें बियाण्याचें नांव सांगितलें तर “तुला किती भेटले?” असें विचारतात. मेहुणा अर्थातच रागावला आहे.

ह्या प्रकाराची दखल कायद्यानें घेतली नाहीं असें नाहीं. १९८५ मध्यें स्थापन झालेल्या जाहिरात मानक परिषदेनें जून २०२१ पासून नियम लागू केला कीं, मोबदला घेऊन इंटरनेटवर एखाद्या मालाविषयीं बोलणाऱ्यानें तें स्पष्ट सांगावें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं २०२० मध्यें मध्यवर्ती प्राधिकरण आलें. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकासच नव्हे, तर तिची भलावण करणाऱ्यासहि दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हां केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा त्यास अधिकार आहे. जानेवारी २०२३ मध्यें सरकारनें ह्या भलावणकारांसाठीं निराळ्या सूचना काढल्या. त्यांत पैसे, फुकट वस्तु, सवलती, प्रवास ह्यांपैकीं कांहींहि मिळालें असल्यास तें सांगावें, आणि ज्या भाषेंत शिफारस केली त्याच भाषेंत सांगावें, असें आहे. १८६७ च्या कायद्यास राज्याच्या सुरक्षिततेसाठीं बोलणाऱ्याचें नांव हवें होतें. ह्यास गिऱ्हाइकासाठीं बोलवित्याचें नांव हवें आहे. हेतु निःसंशय सुधारला. पण छापखान्यास पत्ता होता, दारावर पाटी होती, आणि एका जिल्ह्यांत असे छापखाने बोटांवर मोजण्याइतके होते. आज प्रत्येक वावराच्या धुऱ्यावर एक छापखाना उभा आहे.

ह्यांतल्याच एका छापखान्याचा मालक गेल्या महिन्यांत आमच्या घरीं आला. तीन वर्षांमागें आमच्याच वर्गांत बसलेला, अचलपूरकडचा, बी. ए. झालेला मुलगा, नोकरी नाहीं, घरची संत्र्याची बाग, आणि बागेविषयीं तो मोबाईलवर जें बोलतो तें हजारों लोक ऐकतात. फवारणी, आंबिया बहार, कोळशी ह्यांवर तो खरोखरच चांगलें सांगतो. आम्हीं ऐकलें आहे. एका कंपनीनें त्यास खताची पिशवी धरून दोन मिनिटें बोलण्याचे सात हजार रुपये देऊं केले होते. कंपनीच्या पत्रांत म्हटलें होतें कीं, नियमाप्रमाणें प्रायोजित असल्याचा इंग्रजी शब्द शेवटीं, इतर शब्दांच्या रांगेंत टाकावा. त्याचा प्रश्न एवढाच होता : “सर, शेवटी टाकलं तर चालते ना ?”

आम्हीं लगेच उत्तर दिलें नाहीं. सात हजार ही त्याच्या घरीं लहान रक्कम नव्हे, आणि ज्याचा पगार पहिल्या तारखेस जमा होतो त्यानें दुसऱ्यास निर्भीडपणा शिकविणें सोपें असतें. शिवाय त्यानें तें खत दोन वर्षें स्वतः वापरलेलें होतें. तो खोटें बोलणार नव्हता. आम्हीं त्यास भांबराजाची हकीकत सांगितली, मग कोतवालाची सांगितली. त्यानें ती ऐकली, चहा घेतला, आणि “पाहतो सर” म्हणून गेला.

आठ दिवसांनीं त्याचें बोलणें आम्हीं ऐकलें. पिशवी हातांत घेण्यापूर्वींच तो म्हणाला, “ही जाहिरात हाय. मले याचे पैसे भेटले. आता ऐका.” आणि मग दोन मिनिटें खताविषयीं बोलला. कंपनीनें सात हजार दिले. मात्र ठरलेलीं पुढलीं तीन कामें तूर्त थांबविल्याचें कळविलें. खालीं लोकांनीं लिहिलेले अभिप्राय आम्हीं वाचून पाहिले. बहुतेकांनीं खताचा भाव विचारला होता. दोघांनीं त्याची थट्टा केली होती. आणि परतवाड्याच्या कोणा कास्तकारानें, मागच्या वर्षीं सांगितलेल्या त्या फवारणीचे पैसे भेटले होते कीं नाहीं, एवढेंच विचारलें होतें. त्याला त्यानें उत्तर दिलें आहे : नाहीं.